पत्त्याची वर्दी

कोणत्याही धर्मकृत्याच्या आरंभी संकल्प सोडण्याची आपल्यात चाल आहे. हातात उदक घेऊन आपण प्रत्यक्ष काय बोलतो, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. आपले गोत्र व नाव सांगण्यापूर्वी यजमान आपला ठिकाणा सांगतो: द्वीप कोणते, वर्ष कोणते, देश कोणता, कोणत्या नदीचे कोणते तीर, आणि मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. ह्यालाच देशकालाचा उच्चार म्हणतात. जे कुटुंब गोदावरीचे तीर सोडून अमेरिकेत जाऊन राहिले, त्याच्या घरच्या सत्यनारायणात गोदावरीचेच नाव घेऊन कसे चालेल? तेथील पुरोहितांना हा उच्चार नव्या भूमीप्रमाणे बदलून घ्यावा लागला. तात्पर्य, कर्त्याने आपला आजचा खरा मुक्काम सांगितल्यावाचून कर्माला आरंभ होत नाही, ही कल्पना आपणांस नवी नाही.

परदेशी दीर्घकाळ राहणाऱ्या आपल्या मुलांकडून तेथील सरकारे नेमके हेच मागतात. तू कोण आहेस, हे पासपोर्ट सांगतो. तू आज कोठे सापडशील, हे मात्र तुझे तूच सांगत राहिले पाहिजे, आणि घर बदलले की ठरावीक दिवसांत पुन्हा सांगितले पाहिजे, असा हा नियम आहे. निरनिराळ्या देशांत त्याची नावे व मुदती निराळ्या असल्या तरी गाभा एकच. हा नियम दिसतो क्षुल्लक. परंतु त्याकडे दुर्लक्ष केल्याने होणारी हानी क्षुल्लक नसते. म्हणून त्याचा थोडा साद्यंत विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

ज्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईकर पीत आले, त्या तलावाच्या काठी आमचा मुक्काम आहे. पूर्वी ह्या भागातून माणूस उपजीविकेसाठी बाहेर पडला तर फार तर कल्याणास किंवा मुंबईस जाई. हल्ली शहापूर, आसनगाव, वासिंद, मुरबाड येथील घरांतूनही मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी अमेरिका, जर्मनी, जपान, थायलंड अशा दूरदेशी जातात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अशा घरांतील कागदपत्रे वाचून त्यांचा अर्थ सांगण्याचे काम आमच्याकडे आपोआप आले आहे. त्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पदवीची प्रमाणपत्रे, व्हिसा, विमानाची तिकिटे यांविषयी घरातले सारे जण डोळ्यांत तेल घालून जागरूक असतात. पत्त्याची वर्दी मात्र कोणाच्या गणतीतही नसते.

आमच्या परिचयातील एका घरचा मुलगा अमेरिकेत नोकरीस होता. एका वर्षात त्याने तीन बिऱ्हाडे बदलली. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी त्याने अर्ज केला होता, आणि बोटांचे ठसे देण्यासाठी अमुक दिवशी हजर व्हावे, असे पत्र सरकारी कार्यालयाकडून निघाले; पण ते गेले पहिल्या बिऱ्हाडी. मुलगा हजर झाला नाही, तेव्हा त्याने अर्ज सोडून दिला असे समजून तो निकालात काढण्यात आला. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा प्रतीक्षा. ह्या घोळात त्याला देश सोडून बाहेर जाता येईना, आणि सख्ख्या बहिणीचे लग्न त्याने दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिले. गुन्हा म्हणावा असे त्याने काहीच केले नव्हते. चार ओळींची एक सूचना धाडावयाची राहिली, एवढेच.

अशा प्रसंगी वडील माणसे चटकन म्हणतात, की हे सारे गोऱ्या लोकांनी काढलेले खूळ आहे. तसे म्हणण्यास आधार नाही. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेले कौटिलीय अर्थशास्त्र ज्यांनी चाळले असेल, त्यांना त्यात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आढळला असेल. जनपदात येण्यास वा बाहेर जाण्यास त्याची मुद्रा लागे, आणि तिच्यासाठी एक माषक द्यावा लागे. मुद्रेवाचून प्रवास करणाऱ्यास बारा पण दंड होता. खोटी मुद्रा बाळगणारा जर परक्या जनपदातला असेल, तर त्याला स्वदेशीयापेक्षा अधिक जबर दंड सांगितला आहे. नगराच्या व्यवस्थेत तर दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर एक गोप नेमलेला असे, आणि त्या कुटुंबांतील माणसांची जात, गोत्र, नाव, व्यवसाय, फार काय जमाखर्चही त्याला ठाऊक असावा, असा दंडक होता. धर्मशाळा चालविणाऱ्याने आलेल्या पांथस्थाची वर्दी द्यावी व मगच त्याला उतरवून घ्यावे. घरधन्याने आपल्याकडे कोण आले व कोण गेले ते कळवावे. न कळविल्यास त्या रात्री घडलेल्या अपराधाचा दोष त्याच्या माथी, आणि काही न घडले तरी तीन पण दंड! गुपचूप केलेल्या जखमांवर उपचार करणाऱ्या वैद्यालाही वर्दी देणे प्राप्त होते. आपल्या जुन्या गावगाड्यात परका माणूस मुक्कामास आला की चावडीवर सांगण्याची जी रीत होती, ती ह्याच परंपरेतली.

मध्यंतरी एक काळ असा होता, की परदेशगमन हे कागदांच्या दृष्टीने अगदी सोपे होते. कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. समाजाचा रोष, बोटीवरील एकलेपणा, परक्या हवेतील आजार, ह्या सर्वांशी त्यांना झगडावे लागले; पण व्हिसाशी किंवा नोंदणीच्या फॉर्माशी नव्हे. सर्व परकीयांनी आपला पत्ता सरकारास कळवीत राहावे, असा कायदाच तेव्हा अमेरिकेत नव्हता. पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. इंग्लंडने १९१४ मध्ये परकीयांवर निर्बंध घालणारा कायदा केला, हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्टाचा कायदा १९२० मध्ये आला, आणि परकीयांच्या नोंदणीचा कायदा दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच, म्हणजे १९३९ साली झाला. अमेरिकेने १९४० मध्ये चौदा वर्षांवरील प्रत्येक परकीयास बोटांचे ठसे देऊन नोंदणी करणे सक्तीचे केले. हे काम तेथील टपाल कचेऱ्यांतून झाले, आणि जवळजवळ पन्नास लाख माणसांची नोंद झाली. पुढे प्रतिवर्षी जानेवारीत प्रत्येक परकीयाने आपला पत्ता कळवावा, अशी पद्धत पडली. ती १९८१ साली बंद झाली. घर बदलल्यावर कळविण्याचे बंधन मात्र राहिले, ते आजतागायत आहे.

परंतु नोंदणीच्या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल; कारण ती आपल्याच माणसांनी सोसलेली आहे. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे मॉरिशस बेटात नेण्यात आली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील व देशावरील मराठी लोकही होते. पाच वर्षांचा करार संपवून मोकळ्या झालेल्या मजुरांना तेथे ‘जुने स्थलांतरित’ म्हणत. त्यांच्यासाठी १८६७ साली असा कायदा झाला, की प्रत्येकाने आपले छायाचित्र लावलेले तिकीट आणि राहण्याचे ठिकाण व कामधंदा लिहिलेला पोलिसांचा पास सदैव जवळ बाळगावा. पासावरील जिल्ह्याबाहेर विनापरवाना सापडला, की तो भटक्या ठरे आणि तुरुंगात जाई. आजारी मुलाला पाहावयास शेजारच्या जिल्ह्यात गेलेला बापही ह्या कचाट्यातून सुटत नसे. अदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका सहृदय मळेवाल्याने १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या स्थलांतरितांच्या वतीने अर्ज केला, तेव्हा कोठे बादशाही चौकशी मंडळ नेमले गेले व पुढे कायदा सौम्य झाला.

ट्रान्सवालची कथा अधिक प्रसिद्ध आहे. तेथील सरकारने १९०६ मध्ये आशियायी लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा मसुदा काढला. ठसे द्यावे, दाखला बाळगावा, शिपाई मागेल तेव्हा तो दाखवावा. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या नाट्यगृहात जी सभा भरली, तेथेच सत्याग्रहाचा जन्म झाला, आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. होळीपूर्वी काही महिने, सरकार सक्तीचा कायदा मागे घेणार ह्या समजुतीने, गांधीजींनी स्वेच्छेने नोंदणी करण्याची तडजोड स्वीकारली होती आणि त्यापायी स्वकीयांचा मारही खाल्ला होता. म्हणजे त्यांचा विरोध आपले नाव-गाव सांगण्यास नव्हता. एका जातीच्या माणसांना जन्मतः संशयित मानून, त्यांच्याच गळ्यात ती पाटी अडकविण्यास होता.

म्हणून आमच्या मते नोंदणीच्या कोणत्याही नियमाला दोन प्रश्न विचारावेत. हा नियम सर्वांना सारखा आहे काय? आणि नोंद केल्यावर माणसाला मोकळेपणी हिंडता येते काय? ह्या दोन कसोट्यांवर हल्लीचे काही देश पारखून पाहू.

जर्मनीत गेलेल्या मुलाने नव्या घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नोंदणी कचेरीत जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. घरमालकाने, हा माणूस माझ्या जागेत राहावयास आला, असे लेखी द्यावे लागते. त्या नोंदीच्या दाखल्यावाचून बँकेत खाते उघडणे, कराचा क्रमांक मिळणे, वास्तव्याचा परवाना मिळणे, ही सारी कामे अडतात. आपल्या मुलांना प्रथम हा जाच वाटतो. परंतु विशेष हा, की हा नियम खुद्द जर्मन नागरिकालाही तसाच लागू आहे. बर्लिनचा जर्मन म्युनिकला गेला तरी त्यालाही तीच कचेरी आणि तेच दोन आठवडे. सर्वांना सारखा असल्यामुळे ह्या नियमात अपमानाचा वास नाही.

जपानात पूर्वी परकीयांची नोंदवही वेगळी आणि जपानी कुटुंबांची वेगळी असे. त्यामुळे जपानी मुलीशी लग्न केलेल्या परदेशी गृहस्थाचे नाव त्याच्या बायकामुलांच्या नोंदीत येत नसे. कागदावर ते घर कर्त्या पुरुषावाचून दिसे. ९ जुलै २०१२ पासून ही पद्धत बदलली, आणि दीर्घकाळ राहणारे परकीयही स्थानिक रहिवाशांच्याच नोंदवहीत आले. तेथे घर बदलल्यावर चौदा दिवसांत नगर कचेरीत जाऊन कळवावयाचे आणि आपल्या निवास-पत्रावर नवा पत्ता लिहून घ्यावयाचा, अशी रीत आहे.

थायलंडची रीत सर्वांत निराळी. तेथील १९७९ च्या कायद्यान्वये तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या परकीयाने सलग नव्वद दिवस झाले की आपला पत्ता कळवावा, आणि पुढे दर नव्वद दिवसांनी कळवीतच राहावे. मग त्याने घर बदललेले असो वा दहा वर्षे एकाच घरात राहिलेला असो. मुदतीच्या दिवसाआधी पंधरा दिवसांपासून ते नंतर सात दिवसांपर्यंत ही वर्दी देता येते. स्वतः जाऊन, प्रतिनिधीमार्फत, टपालाने अथवा संगणकावरूनही ती देण्याची सोय आहे. मध्यंतरी देशाबाहेर जाऊन परत आले, तर नव्वद दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते. मुदत चुकवून आपण होऊन गेल्यास दोन हजार बाट दंड पडतो. शिवाय ज्याच्या घरी परकीय उतरला त्या घरमालकावर चोवीस तासांत कळविण्याचे निराळे बंधन आहे. तेथे २०२२ पासून धनिकांसाठी व विशेष विद्या असणाऱ्यांसाठी एक दीर्घ मुदतीचा परवाना निघाला; तो ज्यांना मिळाला त्यांनी नव्वद दिवसांऐवजी वर्षातून एकदाच पत्ता कळविला की पुरते. राजद्वारी धनाला आणि विद्येला पायघड्या असतात, ह्याचे हे आधुनिक उदाहरण.

आता अमेरिका, कारण आपल्या बहुसंख्य घरांचा संबंध तिच्याशीच येतो. तेथे घर बदलल्यापासून दहा दिवसांच्या आत, ‘एआर-११’ नावाच्या फॉर्मावर किंवा संगणकावरून, नवा पत्ता आप्रवास खात्यास कळवावा लागतो. राजनैतिक अधिकारी व अल्पकाळचे काही पाहुणे वगळता हे बंधन जवळजवळ प्रत्येक परकीयावर आहे. अनेकांची समजूत असते, की ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे हा व्याप संपला. तसे नाही, नागरिकत्व मिळेपर्यंत तो संपत नाही. विद्यार्थ्याने आपला पत्ता महाविद्यालयातील नेमलेल्या अधिकाऱ्यास दहा दिवसांत कळवावा, म्हणजे तो सरकारी नोंदीत चढवितो. टपाल खात्यास नवा पत्ता कळविला म्हणजे सर्वांना कळविला, हाही भ्रमच. टपाल खाते आणि आप्रवास खाते ही दोन वेगळी दारे आहेत. आईबापांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट: येथून बरोबर नेलेले मूल तेथे चौदा वर्षांचे झाले, की वाढदिवसापासून तीस दिवसांच्या आत त्याची स्वतंत्र नोंदणी, बोटांच्या ठशांसह, करावी लागते. नोंदणीचा हा जुना कायदा कित्येक वर्षे सैल पडला होता. एप्रिल २०२५ पासून त्याची अंमलबजावणी पुन्हा कडक करण्यात आली आहे.

कायद्यात ह्या चुकीसाठी दंड आणि तीस दिवसांपर्यंत कैद सांगितली आहे. दुर्लक्ष हेतुपुरस्सर नव्हते किंवा त्यास सबळ कारण होते, हे दाखविता आले नाही तर देशाबाहेर घालविण्याचीही तरतूद आहे. तथापि व्यवहारात खरा धोका दंडाचा नसून दुसराच आहे. तुम्ही शेवटी जो पत्ता कळविला, त्यावर पाठविलेली नोटीस तुम्हांस मिळाली असेच सरकार धरून चालते. आप्रवास न्यायालयात प्रकरण चालू असेल तर तेथे पाच दिवसांत स्वतंत्रपणे पत्ता कळवावा लागतो. तो न कळविल्यामुळे तारीख समजली नाही व माणूस हजर राहिला नाही, तर त्याच्या पाठीमागे देशत्यागाचा हुकूम होऊ शकतो. पत्र मिळालेच नाही, ही सबब अशा वेळी टिकत नाही. कारण पत्र न मिळण्याचे कारण आपणच असतो. घर बदलताना पलंग आणि भांडीकुंडी हलविण्याच्या गडबडीत हे भिजत पडलेले घोंगडे पुढे किती जड होते, हे ह्यावरून दिसेल.

वाचकहो, येथपर्यंत आपण मुलांविषयी बोललो. आता स्वतःच्या उंबरठ्याकडे वळू. जी मुले वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गेली, त्यांपैकी अनेकांनी तेथील नागरिकत्व घेतले आणि त्यांची मुले तर जन्मतःच तेथील नागरिक. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. म्हणजे सुटीत आजीच्या हातची पुरणपोळी खावयास येणारा नातू हा कायद्याच्या दृष्टीने परकीय आहे! आपल्याकडील १९२०, १९३९ व १९४६ चे जुने कायदे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व परकीय नागरिकांविषयीचा नवा एकत्रित कायदा अमलात आला आहे. परकीय व्यक्ती ज्याच्याकडे उतरेल त्याने चोवीस तासांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, हा नियम पूर्वीपासून ‘सी फॉर्म’ ह्या नावाने परिचित आहे. तो केवळ हॉटेलांसाठी आहे अशी सर्वत्र समजूत असली, तरी धर्मशाळा, विद्यापीठे, रुग्णालये यांच्याबरोबर खासगी घरांचाही सरकारी सूचनांत स्पष्ट उल्लेख असे. नव्या कायद्यातही घर देणारा, शिकविणारा आणि उपचार करणारा, अशा तिघांवर कळविण्याची जबाबदारी आहे. कौटिल्याचा घरधनी आणि वैद्य येथे पुन्हा भेटतात! ज्याच्या येण्याला तिथी नसते तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आम्ही शाळेत सांगत आलो. कायद्याला मात्र ह्या अतिथीची तिथीच हवी असते.

अभ्यासासाठी, संशोधनासाठी वा नोकरीसाठी १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा घेऊन आलेल्या परकीयास सामान्यतः पोहोचल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. मुंबईसारख्या शहरी त्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. बहुतेक जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी असतात. २०१८ पासून हे काम घरबसल्या संगणकावरूनही करता येते. ज्यांच्याजवळ ‘ओसीआय’ कार्ड आहे, त्यांस कितीही दिवस राहण्यासाठी ही नोंदणी करावी लागत नाही, ही मोठी सवलत होय. परंतु ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत तिला जोडून एक वाक्य आहे, ते पुष्कळांच्या नजरेतून निसटते: जे कार्डधारक येथेच कायम राहावयास आले आहेत, त्यांनी आपला कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यास नोंदणी अधिकाऱ्यास ईमेलने कळवावे. निवृत्त होऊन पुण्यास किंवा ठाण्यास परतलेल्या आपल्या भावाबहिणींना हे आवर्जून सांगण्यासारखे आहे.

कित्येकदा माणूस जागचा हलत नाही आणि पत्ता मात्र हलतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, आणि आमच्या रानापलीकडील वाडा तालुका एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्यात गेला. वाड्यात जन्मलेल्या व परदेशी गेलेल्या माणसाच्या एका कागदावर जिल्हा ठाणे तर दुसऱ्यावर जिल्हा पालघर असा भेद त्यामुळे दिसणारच. अशा माणसाने विभाजनाची तारीख ठाऊक ठेवावी, म्हणजे परक्या अधिकाऱ्याच्या प्रश्नाला शांतपणे उत्तर देता येते.

यावर उपाय काय, असे कोणी विचारील तर आमचा उपाय अगदी साधा आहे. घरात जशी श्राद्धतिथींची व वाढदिवसांची टिपणे असतात, तशीच परदेशस्थांच्या पत्त्यांची एक वही असावी. कोणत्या तारखेस घर बदलले, कोणास व कोणत्या तारखेस कळविले, पोच मिळाली की नाही, एवढे तीन रकाने पुरेत. पोचेची प्रत मुलाने घरी पाठवावी आणि घरच्यांनी ती पासपोर्टाच्या प्रतीशेजारी ठेवावी. एकत्र कुटुंबात ज्याला टापटिपीची हौस आहे असा एक पुतण्या किंवा सून सापडतेच. हे काम त्यांच्याकडे सोपवावे. मुदती व फॉर्म वेळोवेळी बदलतात, यास्तव प्रत्येक खेपेस त्या त्या देशाच्या सरकारी सूचना ताज्या पाहून घ्याव्यात. शेजाऱ्याच्या मुलाने पाच वर्षांपूर्वी काय केले, ह्यावर विसंबू नये.

तरीही मनाला टोचणी राहतेच, की ह्या साऱ्या नोंदींचे अखेर काय? नुसते पहारेच का? याचे उत्तर मॉरिशसच देते. ज्या वह्यांत मजुरांना बांधून ठेवण्यासाठी त्यांची नावे, गावे व पुढे छायाचित्रेही चिकटविली गेली, त्या वह्या आज तेथील मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेविल्या आहेत. ज्या घाटावर ही माणसे उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून गणला जातो. आज तेथील मराठी कुटुंबातील पणतू त्या वह्या उघडून आपला पणजोबा कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या गावचा, हे शोधून काढतो आणि कोकणातल्या एखाद्या वाडीत येऊन उभा राहतो. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातही असेच होई. नाव दाखल करताना गाव लिहून घेण्याचा कंटाळा करणारे पालक, चाळीस वर्षांनी तीच ओळ शोधीत मुलानातवंडांना घेऊन येत.

अर्थात ह्यामुळे त्या कायद्याचे क्रौर्य कमी ठरत नाही. चांगली नोंद आणि जाचक नोंद यांत भेद कोणता, हे आपण ओळखले पाहिजे, आणि जाचक नोंदीविरुद्ध बोलण्याचा हक्कही राखून ठेविला पाहिजे. जो नियम सर्वांना सारखा आहे, जो पाळल्यावर माणूस निर्धास्तपणे आपले काम करू शकतो, तो वेळेवर पाळणे ह्यात कमीपणा नाही. जो नियम एका वर्गालाच संशयित ठरवितो, त्याविरुद्ध भांडण्यासाठी सुद्धा आधी आपले कागद चोख असावे लागतात. कारण ज्याचा पत्ताच लागत नाही, त्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही.

दर रविवारी परदेशातील मुलांशी बोलताना आपण विचारतो: जेवलास का, थंडी फार आहे का, येणार केव्हा? घर बदलल्याची वार्ता त्यातच ओघाने कळते, आणि नव्या घराच्या खिडकीतून दिसणारा बर्फ पाहून आपण आनंदित होतो. त्याच वेळी एक प्रश्न आणखी विचारावा: “नवा पत्ता सरकारात कळविलास का? पोच आली का?” मुलगा क्षणभर हसेल, आणि बहुधा त्याच रात्री ते राहिलेले काम उरकून टाकील.